क्लिकर शिकवणारा मास्तर मुंबईत कसा शोधायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई लालबागला एका नव्या टॉवरमध्ये १९व्या मजल्यावर राहतात. घरात ९ महिन्यांची दत्तक घेतलेली देशी कुत्री आहे, नाव बुंदी. ऑनलाइन क्लिकर, म्हणजे दाबली की ‘टक’ वाजणारी छोटीशी डबी, मागवून, व्हिडिओ पाहत त्यांनी महिनाभर प्रयत्न केला. बुंदी घरात ‘सिट’ छान करते. पण लिफ्टचं दार उघडलं आणि आत कोणी दिसलं की भुंकत सुटते, तेव्हा कितीही क्लिक केलं तरी ढुंकून बघत नाही. आता त्यांना समोर उभं राहून, हाताला धरून शिकवणारं कोणीतरी हवंय. असा माणूस मुंबईत कसा शोधायचा, असं त्या विचारतात.

ताई, मी गेली १६ वर्षं या शहरात कुत्री शिकवतोय, म्हणजे खरं तर कुत्र्यांची माणसं शिकवतोय. इथे कोणाचं नाव-नंबर देणार नाही. तुमच्या घरापासून दीड तासावर राहणारा उत्तम मास्तरही तुमच्या फारसा उपयोगाचा नाही, आणि जवळचा तुम्हालाच पारखून घ्यावा लागणार. तेव्हा पारख कशी करायची तेवढं सांगतो.

आधी तुमच्या प्रश्नातली एक गाठ सोडवू. बुंदी भुंकत असताना तुम्ही क्लिक करता ते तिचं लक्ष वेधायला. बेस्टचे जुने कंडक्टर पंच टकटक वाजवत ‘तिकीट, तिकीट’ करत यायचे, अगदी तसं. माझ्याकडे येणारे निम्मे लोक क्लिकर असाच वाजवतात. पण क्लिक म्हणजे पावती. ‘आत्ता, या क्षणी जे केलंस, त्याचा मोबदला मिळणार’ एवढंच ती सांगते. भुंकताना पावती फाडली तर कशाची फाडली? नशीब, बुंदी त्या वेळी ऐकतच नव्हती.

व्हिडिओतून हे कळत नाही असं नाही. कळतं, पण हातात उतरत नाही. टिपू, माझा पहिला कुत्रा, त्याला मी ‘खाली झोप’ शिकवत होतो. तो झोपायचा, मी खुश व्हायचो आणि मग क्लिक करायचो. त्या खुश होण्यात एखादा सेकंद जायचा आणि तेवढ्यात त्याचे कोपर जमिनीवरून उचलले गेलेले असायचे. तीन दिवसांत टिपू उठाबशा काढायला लागला. खाली टेकला की लगेच वर. मी त्याला हट्टी म्हणत होतो. माझ्या गुरूंनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “तो अगदी बरोबर करतोय. तू ज्याचे पैसे देतोयस तेच करतोय.” ते सबंध वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत होते, टिपूकडे त्यांनी जेमतेम पाहिलं असेल.

मास्तर निवडताना मी तरी हेच बघतो. त्याची नजर कुठे आहे? कुत्र्यावर की तुमच्या हातावर? आणि त्याहून सोपी खूण म्हणजे पहिल्या भेटीत अर्ध्या तासानंतर लीश कोणाच्या हातात आहे?

मुंबईत ‘ट्रेनर ठेवला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा प्रकार असा असतो: आठवड्यातून तीन दिवस एक मुलगा येतो, कुत्र्याला खाली घेऊन जातो, अर्ध्या तासाने आणून सोडतो. महिनाभराने सोसायटीच्या आवारात प्रात्यक्षिक होतं. सिट, शेकहँड, स्टे, सगळं फक्कड. ट्रेनर गेला की कुत्रा पुन्हा पहिल्यासारखा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतो, तशातला हा मामला. आपल्याला वाटतं गाडी आपण चालवतोय. कुत्रा तर याहून काटेकोर. कोणाच्या हातून, कुठल्या जागी, कसल्या खुणेवर शिकलो हे सगळं तो शिकण्यासोबतच नोंदवून ठेवतो. खालच्या पार्किंगमध्ये त्या मुलाबरोबर केलेलं ‘सिट’ १९व्या मजल्यावर तुमच्यासोबत आपोआप येत नाही. कुत्रा महिनाभर स्वतःकडे ठेवून ‘तयार’ करून देणारे असतात, त्यांचंही हेच. शिवाय तिथे काय केलं जातं ते तुम्हाला दिसत नाही. बुंदीला मी तरी तसं कुठे ठेवणार नाही.

हे तंत्र आलंच अशा ठिकाणाहून जिथे हाताने ढकलणं-ओढणं शक्य नव्हतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर कबुतरांवर प्रयोग करायचे. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने १९४०च्या दशकात हे ज्ञान प्रयोगशाळेतून बाहेर काढून धंद्याला लावलं, कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत सगळ्यांना शिकवलं. पुढे डॉल्फिन आले. डॉल्फिनला पट्टा बांधणार कुठे? दम दिला तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. म्हणून शिट्टी आणि मासा. १९६०च्या दशकात हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९९०च्या दशकात हेच शिट्टीचं काम क्लिकरच्या रूपाने कुत्र्यांच्या जगात रुजवलं. म्हणजे यंत्र शंभर-दीडशे रुपयांचं, पण त्याच्या मागे एक अट आहे: समोरच्या प्राण्याला ‘नको’ म्हणून निघून जायची मोकळीक असली पाहिजे. एका हातात क्लिकर आणि दुसऱ्या हातात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घेऊन उभा राहणारा मास्तर ही अटच मोडतो. तो क्लिकर वापरतो, पण क्लिकर ट्रेनिंग करत नाही. असे पुष्कळ आहेत. ‘आम्ही दोन्हीचा मेळ घालतो’ असं ते सांगतात.

कोंबड्यांवरून आठवलं. ब्रेलँड यांच्यासोबत काम केलेले बॉब बेली अमेरिकेत आर्कान्सा राज्यात ट्रेनर लोकांची शिबिरं घ्यायचे, त्यात कुत्री नाहीत, कोंबड्या. ते वाचून मला खुमखुमी आली. वसईला मावशीच्या वाडीत गावठी कोंबड्या होत्या. प्लायवुडच्या फळीवर कॅरमची लाल राणी आणि चार काळ्या सोंगट्या ठेवल्या, एका वाटीत मक्याचा भरडा घेतला आणि कोंबडीला फक्त राणीवर चोच मारायला शिकवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी माझी पार शोभा झाली. कोंबडीची मान इतक्या झपाट्याने हलते, की क्लिक जरा उशिरा पडला तर तोवर ती तिसरीकडेच टोचत असते. आणि कुत्रा जसं आपल्याला सांभाळून घेतो, आपण चुकलो तरी ‘बरं, असं का?’ म्हणत अंदाज बांधतो, तसं कोंबडी अजिबात करत नाही. तिचं गणित जुळलं नाही की ती उकिरड्याकडे चालू लागते. चौथ्या दिवशी राणी जमली. त्या चार दिवसांत माझा अंगठा जेवढा सुधारला तेवढा आधीच्या दोन वर्षांत सुधारला नव्हता. मावशी अजून माझी ओळख ‘कोंबडीला कॅरम शिकवणारा’ अशीच करून देते.

आता शोधायला सुरुवात कुठून करायची? आपल्याकडे कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो, कुत्रा शिकवायला कसलाही लागत नाही. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून परदेशी संस्थांची प्रमाणपत्रं थोडी मदत करतात. कॅरन प्रायर अकॅडमीच्या अभ्यासक्रमात प्राण्याला शिकवून दाखवावं लागतं आणि माणसांना कसं शिकवता तेही तपासलं जातं, म्हणून मी तिला जास्त वजन देतो. सीसीपीडीटी ही ट्रेनर लोकांना प्रमाणपत्र देणारी दुसरी संस्था, तिच्या सीपीडीटी-केए या प्रमाणपत्रासाठी किमान ३०० तास शिकवण्याचा अनुभव मागतात आणि मग लेखी परीक्षा असते. दोघांच्याही वेबसाइटवर ठिकाणानुसार नावं शोधता येतात. यादीत नाव नाही म्हणून माणूस वाईट असं नाही. मला माहीत असलेल्या सर्वांत हुशार हातांपैकी दोघांकडे एकही कागद नाही. घरबसल्या मिळणाऱ्या रंगीत प्रमाणपत्रांना मात्र भुलू नका.

डॉक्टरांना विचारालच, विचारा. पण क्लिनिकच्या काउंटरवर जी कार्डं ठेवलेली असतात ती बहुतेक वेळा ट्रेनरनेच आणून ठेवलेली असतात. डॉक्टरांनी त्याचा वर्ग पाहिलेला असतो असं नाही. तुम्ही लालबागच्या, परळचं बैलघोडा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. तिथल्या रांगेत थोडा वेळ थांबा. इतकी माणसं, इतकी जनावरं, औषधांचा वास, आणि त्यात एखादं कुत्रं मालकाच्या पायाशी सैल अंगाने बसलेलं दिसेल. त्या मालकाला विचारा, कोणाकडे शिकलात? ‘कुत्र्याला कोणी शिकवलं’ असं नका विचारू. आणि हॉस्पिटलचा विषय निघालाच आहे तर: बुंदीचं भुंकणं अचानक सुरू झालं असेल, किंवा ती दात दाखवत असेल, चावायला धावत असेल, तर आधी डॉक्टरांकडून कान, कंबर, पाय तपासून घ्या. दुखऱ्या कुत्र्याला कितीही क्लिक केलं तरी दुखणं जात नाही.

फोनवर ‘पॉझिटिव्ह ट्रेनिंग करता का?’ विचारू नका, हल्ली सगळेच हो म्हणतात. हा प्रश्न विचारा: “माझी कुत्री लागोपाठ तीनदा चुकली, तर चौथ्या वेळी तुम्ही काय कराल?” चांगल्या मास्तरचं उत्तर साधारण असं येतं की मी अंतर वाढवीन, काम सोपं करीन, खाऊ बदलून बघीन, किंवा आजच्यापुरतं थांबेन. ‘मग तिला कळायला हवं की बॉस कोण आहे’ असं ऐकू आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. अल्फा-बिल्फाची गोष्ट निघाली तरीही. लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या ज्या डेव्हिड मीच यांच्या लिखाणातून लांडग्यांच्या कळपातला ‘अल्फा’, म्हणजे बाकीच्यांना दाबून म्होरक्या झालेला लांडगा, लोकांपर्यंत पोचला, त्यांनीच पुढे ती कल्पना चुकीची असल्याचं सांगितलं आहे. आपल्याकडचे काही मास्तर मात्र अजून तिथेच आहेत. आणि १५ दिवसांची गॅरंटी देणारा, २० सेशनचे पैसे एकदम मागणारा, दोन्ही टाळा.

मग वर्ग बघायला जा. बुंदीला न घेता. नवीन माणसाला बसून बघू देत नाही म्हणणारा मास्तर माझ्या यादीतून तिथेच कटाप. बसल्यावर कुत्र्यांच्या करामतींकडे बघूच नका, त्या फसव्या असतात. एका मालकाकडे लक्ष ठेवा. एका मिनिटात त्याच्या कुत्र्याला किती घास मिळाले ते मोजा. नवीन काही शिकत असेल तर दहा-बारा तरी मिळायला हवेत. दोन-तीनच मिळाले म्हणजे काम अवघड करून ठेवलंय आणि ते मास्तरच्या लक्षात आलेलं नाही. मालक चुकला की मास्तर काय करतो? लीश हिसकावून ‘हे बघा असं’ करून दाखवतो, की बाजूला उभा राहून ‘हात खिशाकडे आधी जातोय, आधी क्लिक, मग हात’ असं सांगतो? ही चूक जवळपास सगळ्यांची असते. हात आधी हलला की कुत्रा हाताकडे बघतो, क्लिक कोण ऐकतो. कधीकधी मास्तर स्वतः करून दाखवतोही, त्यात गैर नाही, पण मिनिटभरात लीश परत मालकाच्या हातात आली पाहिजे. कुत्री कशी दिसतात तेही बघा. सारखी जांभई, ओठ चाटणं, शेपूट पोटाखाली, असं निम्म्या वर्गाचं चित्र असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

मुंबईत असे सामूहिक वर्ग कमी, कारण जागाच नाही. पावसाळ्यात तर मैदानांचा प्रश्नच येत नाही. गच्ची, पार्किंग, एखाद्या शाळेचा हॉल यांवर चालतं. कार्टर रोडच्या डॉग पार्कसारख्या जागी पहिले धडे घ्यायला जाऊ नका. तिथे दहा मोकळी कुत्री असतात, बुंदीला तुमचा क्लिक तरी ऐकू येईल का? मी तुमच्या जागी असतो तर टॉवरमधली कुत्री पाळणारी आणखी तीन-चार घरं गाठली असती आणि चार रविवार एका मास्तरला बिल्डिंगमध्येच बोलावलं असतं. खर्च वाटला जातो, पण खरा फायदा वेगळा. तुमच्या अडचणीला लिफ्ट लागते आणि लिफ्टमध्ये उभं राहायला माणसं लागतात, ती तुम्हाला आयती मिळतात.

लिफ्टचं काम चांगला मास्तर कसं हातात घेईल ते सांगतो, म्हणजे समोरचा वेगळंच काही करायला लागला तर कळेल. पहिले काही दिवस तो बुंदीला लिफ्टमध्ये नेणारच नाही. आपल्या टॉवरमधले पॅसेज चार-पाच फुटी, तिथे अंतर मिळत नाही, म्हणून जिन्याच्या वळणावर उभं करील, जिथून लिफ्टचं दार दिसतं पण समोर येत नाही. वेळ दुपारी २ ते ४ ची, वर्दळ नसते तेव्हाची. दार उघडल्याची ‘टिंग’ झाली, बुंदीने तिकडे पाहिलं, की भुंकायच्या आत क्लिक आणि घास. नुसतं पाहिल्याचा क्लिक. लोकांना हे उलटं वाटतं, पण पाहणं आणि भुंकणं यांच्या मधली ती जी अर्ध्या सेकंदाची फट असते, सगळं काम तिथे आहे. काही दिवसांत ‘टिंग’ झाली की बुंदी दाराकडे बघेल आणि मान वळवून तुमच्याकडे बघेल, ‘द्या’ म्हणून. दहापैकी आठ वेळा असं झालं की दोन पावलं पुढे. नाही झालं तर दोन पावलं मागे. मग लिफ्ट रिकामी आत-बाहेर, मग आत ओळखीची एक बाई पाठ करून उभी. वॉचमन काकांना सांगून ठेवा, त्यांना असल्या कामात भारी रस असतो. या काळात रोजचं खाली जाणं कसं करायचं हाही प्रश्न आहेच. लिफ्ट रिकामी येईपर्यंत सोडत राहायची, शेजारी वैतागतील, वैतागू देत.

मास्तर मिळेपर्यंत बुंदीशिवाय सराव सुरू करा, मास्तरचे पहिले दोन तास वाचतील. टीव्हीवर बातम्या लावा, निवेदक डोळे मिटतो त्या क्षणी क्लिक. हे करताना बुंदीला मात्र दुसऱ्या खोलीत, दाराआड ठेवा, नाहीतर तिला फुकटच्या पावत्या जातील. मग टेबलावर वाटी, मुठीत उकडलेले चणे: क्लिक, मग हात हलवायचा, एक चणा वाटीत, हात परत मांडीवर. मिनिटाला १५ जमले पाहिजेत, एकही न सांडता. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून एक मिनिट शूट करा. स्वतःला बघायला फार लाज वाटते, पण डोळे उघडतात. मी अजूनही महिन्यातून एकदा करतो.

घास तुरीच्या दाण्याएवढे. बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर चालेल, तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा. कांदा घातलेल्या रश्श्यातले तुकडे धुऊनही नकोत. द्राक्षं, मनुका, बेदाणे तर मुळीच नकोत, प्रसादाच्या शिऱ्यातलेसुद्धा. घरात आजी असतील तर त्यांना हे स्वतंत्रपणे, प्रेमाने सांगावं लागतं, हा माझा अनुभव.

क्लिकरच्या आवाजाने बुंदी दचकत असेल तर तो मोज्यात गुंडाळून वाजवा, किंवा साधं बॉलपेन वापरा. क्लिकर जन्मभर बाळगायचा नसतो. नवीन काही शिकवण्यापुरता लागतो, एकदा शब्दावर काम व्हायला लागलं की तो खणात.

आणि तुम्ही लालबागच्या म्हणून एक. गणपतीच्या तोंडावर नवीन काही सुरू करू नका. आगमनाच्या मिरवणुका सुरू झाल्या की ढोल-ताशे १९व्या मजल्यावरही पोचतात. ‘१५ दिवसांत ढोलाची भीती घालवतो’ असं म्हणणारे नेमके याच सुमारास उगवतात, त्यांना दारात उभं करू नका. त्या दिवसांत बुंदीला आतल्या खोलीत, पंखा मोठा करून, चघळायला काहीतरी देऊन ठेवा, आणि फिरायला पहाटे साडेचारला न्या. अनंत चतुर्दशी झाली की मास्तरला बोलवा. एरवी तिथून दिवाळीपर्यंत दीडेक महिना मिळतो. तेवढ्यात लिफ्टचं काम बरंच पुढे जाईल. फटाक्यांचं होणार नाही, ते पुढच्या वर्षाचं काम.